घासाला घास

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले. बॅग अजून उघडलेली नाही, पण स्वयंपाकघर बघून घेतलं. शेगडीचं डावं बटण आत दाबून धरावं लागतं. खिडकीची कडी निसटते. आणि ज्या खणात पळ्या, त्याच खणात स्क्रू ड्रायव्हर! चिरंजीवांचा कारभार. लहानपणापासून हेच.

काम काय ते सूनबाईनं दारातच सांगून टाकलं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिला प्रमुखाची जागा देऊ केली आहे. मग घरी यायला पाचाऐवजी सात वाजणार. "पण आई, ही दोघं माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत हो. माझ्या हातचंही धड नाही. तीस तारखेला मला उत्तर द्यायचंय. तुमच्या हातचं जेवायला लागली तर होकार. नाहीतर — राहिलं."

'राहिलं' म्हणताना तिनं पर्सचा पट्टा उगाचच सरळ केला. म्हणजे हवी आहे तिला ती जागा. फार हवी आहे.

मी म्हटलं, "एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं जेवणघर सांभाळलं. एकशे वीस मुली. एकीच्याही ताटात शीत उरलं नाही. ही दोन पोरं म्हणजे काय!"

चिरंजीव खाकरले आणि बॅग घेऊन आत गेले.

रात्री बटाट्याचं सूप केलं. निकाल — हरले. उद्या बघते एकेकाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कालच्या पराभवाची नोंद आधी.

नात दहा वर्षांची. चमचा उचलण्याआधी विचारते, "ह्यात काय काय आहे?" सांगितलं. "मिरपूड किती?" चिमूटभर. "कुणाची चिमूट?" आता ह्याला काय उत्तर देणार! हिचं नाव मी वकीलसाहेब ठेवलं आहे.

नातू सहाचा. हा नाही म्हणत नाही. घास तोंडात घेतो आणि तो घास मग तिथेच राहायला येतो. डावा गाल, उजवा गाल, पुन्हा डावा. ही गोगलगाय.

आज उकडलेली अंडी आणि भात. वकीलसाहेब: "मला पिवळं चालत नाही." गोगलगाय: "मला पांढरं चालत नाही." म्हटलं, मग झालं तर! अदलाबदल करा. तर दोघांनाही दुसऱ्याचं नको. "त्याला त्याचा हात लागलाय." "त्याला तिचा लागलाय."

दोन्ही अंडी शेवटी मीच खाल्ली. टाकून कसं द्यायचं?

५ नोव्हेंबर, बुधवार

कोबी. कुणीही नाही. मी सोडून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ठेवणीतलं शस्त्र काढलं.

ते माझं नव्हे, सिस्टरचं. आठ वर्षांची असताना मला मिशनच्या निवासी शाळेत ठेवून बाबा परत गेले आणि मी जेवण सोडलं. दोन दिवस नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी त्या लांबलचक जेवणघरात, सगळ्या मुली उठून गेल्यावर, एक म्हाताऱ्या सिस्टर स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. रागावल्या नाहीत, समजूत घातली नाही. एक घास घेतला आणि थांबल्या. हात मांडीवर. बघत राहिल्या — माझ्याकडे नव्हे, माझ्या चमच्याकडे. मी एक घास घेतला. मग त्यांनी दुसरा. मी थांबले की त्या थांबत. त्यांचा मासा थंडगार झाला होता, आणि म्हातारं माणूस आपल्यापायी उपाशी बसलंय हे काही मला बघवेना. सगळं जेवले!

पुढे एकतीस वर्षं मी तेच केलं. रुसलेली, घरची आठवण काढणारी, सडपातळ व्हायचं खूळ डोक्यात घेतलेली — कुठलीही असो. माझं ताट तिच्यासमोर. एक घास तुझा, एक माझा. तू थांबलीस, मी थांबले. कधी फसलं नाही. चिरंजीव त्याच टेबलाच्या टोकाला बसून गृहपाठ करायचे, त्यांनी हे शंभरदा पाहिलंय.

तर आज मांडलं. वकीलसाहेबांनी अटी नीट ऐकून घेतल्या. मग म्हणाल्या, "हे बरोबर नाही, आजी. तू मोठी आहेस. तुझं पोट मोठं. मी एक घास, तर तू तीन. प्रमाणात."

"कुणी शिकवलं हे प्रमाण?"

"शाळेत आहे. गणितात."

बरं बाई! तिनं वाटाण्याचे पाच घास खाल्ले, म्हणजे मी पंधरा. मग ती म्हणे, "माझं झालं." गोगलगायीचं वेगळंच. "तू आधी, आजी." मी आधी. त्याचा घास गालात. तो फिरेपर्यंत माझा निवतो, म्हणून मी पुढचा घेते. तो अजून डाव्या गालातच. माझी वाटी रिकामी, त्याची भरलेली!

पोट इतकं भरलंय की लिहायला वाकवत नाही.

पण पाच घास म्हणजे पाच घास. सुरुवात आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

ह्या घरची एक तऱ्हा. रविवारी सकाळी न्हाणीघराबाहेर वजनकाटा मांडतात आणि सगळे एकामागून एक उभे राहतात. सूनबाई लॅबवाली, तिला आकड्याशिवाय चैन पडत नाही. "फक्त मुलांना उभं केलं की ती बिथरतात, आई. म्हणून सगळेच." मीही? "तुम्हीही."

चिरंजीव — ब्याऐंशी. श्वास आत ओढूनही ब्याऐंशी. वकीलसाहेब — एकोणतीस. गोगलगाय — साडेएकोणीस. मी चढले तेव्हा मात्र सूनबाईनं आकडा मोठ्यानं वाचला नाही. मीच वाकून पाहिला. चव्वेचाळीस. मी म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात बांधा! कुणी हसलं नाही. ह्या पिढीला विनोदाचं वावडं आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या बाईंशी ओळख झाली. पोस्टात होत्या, चार वर्षांपूर्वी निवृत्त. रोज पाच वाजता समोरच्या मैदानाला फेऱ्या मारतात. "चला, तुम्हीही," म्हणाल्या. म्हणजे विचारलं नाही, शिक्काच मारला. सूनबाईही म्हणाली, "जा ना आई. मी तोवर येतेच. संध्याकाळच्या स्वयंपाकाचं निम्मं तुम्ही दुपारीच करून ठेवता, मग काय?"

बाई चालतात कमी, बोलतात फार. आणि दर फेरीला घड्याळ बघतात. मी थकले म्हटलं तर म्हणे, "अजून एक फेरी! पावणेसहा झाले नाहीत." टपाल सुटायची वेळ सांभाळायची सवय असेल.

आल्यावर कधी नव्हे ती भूक लागली होती. मुलांना नव्हती. टेबलाशी बसून दोघं भिंतीकडे बघत होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरात चोर आहे!

दुपारी माशाचे तुकडे तळून ठेवले — नऊ. फिरून आले तर पाच. काल भाताचं पातेलं काठोकाठ होतं, ते निम्म्यावर. परवा घेवडा. मला वाटलं माझाच घोटाळा होतो आहे. म्हणून आज मोजले. नऊ म्हणजे नऊ.

मुलं? छे. रात्री वकीलसाहेबांनी त्याच माशाकडे बघून नाक चिमटीत धरलं. गोगलगाय तर टेबलाखाली जाऊन बसला. जे पोर तळलेला मासा बघून टेबलाखाली जातं ते चार तुकडे चोरणार?

उरलं कोण? ब्याऐंशी!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चिरंजीवांना स्वयंपाकघरात गाठलं. नकाशे काढायची नोकरी, साडेचारलाच घरी येतात हे मला आता कळलंय.

"मासा कुणी खाल्ला?"

ते सूनबाईकडे बघतात. सूनबाई नळाकडे बघते.

"मी खाल्ला, आई."

"चारही?"

"चारही."

"आणि घेवडा?"

"तोही मीच."

"अरे, लेकरांच्या तोंडचा घास! पोट बघ आधी आपलं. शर्टाचं ते एक बटण बिचारं किती दिवस तग धरणार?"

मान खाली घालून ऐकून घेतलं. सूनबाई तोंडावर पदराऐवजी नॅपकिन धरून बाहेर पळाली. तिलाही लाज वाटली असणार नवऱ्याची.

एक मात्र नवल. हा मुलगा लहानपणी साखरेनं माखलेल्या तोंडानं "मी नाही" म्हणायचा. गुन्हा कबूल करायला आज इतकी घाई कशी? लग्नानं माणूस सुधारतो म्हणायचं.

उद्यापासून त्याला रात्री नुसती काकडी. सूनबाईलाही पटलं. फारच पटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वजन. मुलं जिथल्या तिथे. काकडीवाले ब्याऐंशीच. मी पंचेचाळीस! काटा बिघडलाय म्हटलं तर सूनबाई म्हणाली, "नाही आई, परवाच तपासलाय." आणि का कुणास ठाऊक, फार खुशीत होती दिवसभर. मुलं जेवत नाहीत आणि ही गुणगुणते आहे!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भोपळ्याचं सूप. वर साईचा ठिपका. वसतिगृहात ह्याच्यासाठी मुली दुसऱ्यांदा रांग लावायच्या आणि मी ओळखलं नाही असं दाखवायचे.

वाटी समोर ठेवली तेव्हा गोगलगायीचा चेहरा — काय सांगू! डोळे असे मोठे झाले, जीभ ओठावरून फिरली. आता उचलतो चमचा, आता उचलतो —

टेबलाखाली काहीतरी धप्प झालं. तो एकदम म्हणाला, "ई!"

उशीरच झाला होता त्या 'ई'ला.

"काय झालं रे?"

"मला भोपळा अजिबात आवडत नाही," असं त्यानं म्हटलं. म्हटलं म्हणजे — पाठ म्हणून दाखवलं. आणि डोळ्यांत पाणी! भोपळ्यासाठी कुणी इतकं रडतं का?

वकीलसाहेब शांतपणे: "आजी, तूच खा. नाहीतर वाया जाईल. तूच म्हणतेस ना, अन्न टाकू नये?"

तीन वाट्या. माझ्याच शब्दांत मला बांधलं ह्या मुलीनं. पुढे मोठी होईल. कुणाच्या पायावर पडायची वेळ आली तर हिच्याच पडीन, कोर्टात विरुद्ध बाजूला नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पालक. मी पूर्ण. ते शून्य.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी घर रिकामं होतं. शिवणाची सुई शोधता शोधता खिडकीशी बसले तर समोरच्या गच्चीत एक माणूस एकटाच उभ्यानं काहीतरी खात होता. ताटली कठड्यावर, नजर खाली रस्त्यावर. दोन मिनिटांत संपवून आत गेला.

माझंही असंच होतं की तिकडे. हे गेल्यापासून सव्वा वर्ष मी टेबलाशी बसलेले नाही. एकटीसाठी कुकर कोण लावणार? चहात टोस्ट बुडवायचा, ओट्याशीच उभं राहायचं. कधी तोही नाही. भूक म्हणून लागतच नव्हती. ऑगस्टमध्ये वाचनालयाच्या रांगेत जरा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लोकांनी केवढा बाऊ केला! खुर्ची काय, पाणी काय, चिरंजीवांना फोन काय. डॉक्टरांकडेही घेऊन गेला मला. काही नव्हतं. उकाडा होता.

ह्यांना वाढताना मी जेवायचे. ह्यांना आमटी-भाजीतलं काही कळायचं नाही, पण "तू घे, मग मी घेतो" एवढं म्हणायचे. रोज. चाळीस वर्षं. मी म्हणायचे, नाटकं पुरे झाली, जेवा मुकाट्यानं.

सुई सापडली. स्क्रू ड्रायव्हरच्या खणात.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेहेचाळीस. मी!

ब्लाउजाचे हुक लागेनात, म्हणून दोन टाके उसवले. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "चेहरा भरलाय हो तुमचा. आलात तेव्हा कागदी पाकिटासारख्या होता." असं कुणी बोलतं का?

मुलांसाठी रांधते आहे आणि फुगते आहे मी. सात दिवस उरले. सूनबाईला विचारलं, लॅबमधून काही विचारणा? "होतेय," म्हणाली. नजर दिली नाही. बिचारी. मला दुखवायचं नाही म्हणून आशा दाखवते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या हातून वाईट झालं.

सकाळपासून खपून दूध, अंडी घालून मऊसूत पुडिंग केलं होतं. रात्री दोघांसमोर ठेवलं. घासाला घास. मी एक. ते नाही. मी थांबले. ते थांबले. पाच मिनिटं. घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. सिस्टरनी माझ्यासाठी किती वेळ धरला होता धीर? मला नाही धरवला. चमचा टेबलावर आपटला आणि ओरडले, "अरे, तुमच्या आईचं सगळं अडकलंय ह्याच्यावर! एवढंही करता येत नाही तुम्हाला?"

एकतीस वर्षांत एका मुलीवर आवाज चढवला नव्हता. आणि हे तर माझं रक्त.

गोगलगाय हुंदके द्यायला लागला. मी जवळ घेतलं तर माझ्या कानाशी म्हणाला, "आजी, मला सांगता येत नाही."

"काय सांगता येत नाही, बाळा?"

वकीलसाहेबांनी त्याचा हात धरून खोलीत नेलं. दार लागलं. आतून कुजबुज.

पुडिंग तसंच राहिलं. आज मीही नाही खाल्लं. वकीलसाहेब मध्येच एकदा येऊन दारातून बघून गेली — माझ्या ताटाकडे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काय सांगता येत नाही त्याला? पोटात दुखतं का? शाळेत कुणी काही बोलतं? गिळताना त्रास होत असेल? मी घास मोजत बसले आणि पोराच्या मनात काय आहे ते पाहिलंच नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सूनबाईला गच्चीत कपडे वाळत घालताना एकटीला धरलं. म्हटलं, "धाकट्याला डॉक्टरांना दाखव. साधा हट्ट नाही हा. काहीतरी लपवतोय तो."

ती लालबुंद झाली. चिमटा तोंडात तसाच. मग चिमटा काढून म्हणाली, "आई, तुम्ही काळजी करू नका. तो बरा आहे."

"बरा आहे? चार आठवड्यांत माझ्यासमोर त्यानं धड एक वाटी भात संपवला नाही!"

"मला रविवारपर्यंत वेळ द्या."

"रविवारी काय होणार आहे?"

"वजन," म्हणाली ती.

वजन, वजन, वजन! आकड्यांपलीकडे दिसतच नाही हिला. तोंडावर आलं होतं बोलायचं, गिळलं. आमच्या शाळेत राग आला की मनात दहापर्यंत मोजायला लावत. सत्तरपर्यंत गेले.

रात्री मुलं माझ्या आजूबाजूला घोटाळत होती. वकीलसाहेब स्वतःहून म्हणाली, "आजी, परवाचं पुडिंग आहे का अजून? तू खाल्लंच नाहीस." म्हटलं, माझी काय चौकशी करतेस, तुझं बघ. तिनं खुर्ची ओढली. "तू तीन, मी एक," म्हणाली. खाल्लं. पण त्यात राम नव्हता. मला दया दाखवत होती असं वाटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हिशेब सरळ आहे. एकशे वीस मुलींना जेवायला घातलं, घरच्या दोघांना नाही घालता आलं.

बॅग भरून ठेवली. सोमवारी सकाळी निघेन. उद्या जेवणं झाली की सूनबाईला सांगायचं — माझ्या भरवशावर होकार देऊ नकोस. हे वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी तो पर्सचा पट्टा आठवतो. हुशार मुलगी आहे. त्या जागेवर शोभली असती. पुढे दहा वर्षांनी म्हणेल का, की सासूला चार घास भरवता आले असते तर? नाही म्हणणार ती. म्हणूनच जास्त लागेल.

तिकडे गेल्यावर आधी जाळी-जळमटं काढायची. मग — मग काय ते बघू. एक टोस्टचा पुडा घेऊन जावं इथूनच. तिकडे दुकान लांब आहे.

उद्याचा स्वयंपाक तरी मनासारखा करते. भोपळा आहे अजून अर्धा. कुणी खावो न खावो.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी काट्यावर उभी राहिले. सूनबाई वाकली आणि पहिल्यांदाच माझा आकडा मोठ्यानं वाचला. "साडेसत्तेचाळीस!"

गोगलगाय जागच्या जागी उडाला. "झालं? डॉक्टरांचं साडेसत्तेचाळीस झालं? मग आता मला भोपळा आवडला तर चालेल?"

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. काकडीवाले चिरंजीव जमिनीकडे बघत म्हणाले, "तू स्वतःसाठी कधी जेवलीस, आई? समोर न जेवणारं पोर असलं तरच जेवतेस. घरात तसं एकही नव्हतं. मग दोन तयार केली." रोज पाचला, मी मैदानात फेऱ्या मारत असताना, दोघं पोटभर जेवत होती. मासासुद्धा. आणि सूनबाईचा होकार? "तो मी पहिल्याच दिवशी दिला, आई. तुम्ही राहणार हे धरून."

इतकी संतापले! दुपारी टेबलाशी बसले, पण ताटाला हात लावला नाही. मला वेड्यात काढता?

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौघांनीही आपापली ताटं पुढे सरकवली आणि हाताच्या घड्या घातल्या. सूप निवत चाललं. गोगलगायीची नजर भोपळ्यावरून हलत नव्हती, पण हात मात्र काखेत घट्ट.

पहिला घास मी घेतला.